डिंक, खळ, सरस, फेविकॉल: चिकट गोष्टींना इंग्रजीत काय म्हणायचं?

नागपूरच्या इतवारी बाजारात माझ्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तिथं गल्ल्यावर बसायचे. कुठल्या कामाला काय लागतं हे तेव्हाच अंगवळणी पडलं. सुताराला काय द्यायचं, प्लंबरला काय, पंक्चरवाल्याला काय, हे मला कुणाला विचारावं लागत नसे. पुढे आयटी पार्ककडच्या एका ऑफिसात चॅटवरून परदेशी ग्राहकांना मदत करायचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेतल्या एका बाईंनी विचारलं, शेल्फच्या कडेची लाकडी पट्टी निघाली आहे, काय करू? मी लिहिलं, 'प्लीज फिक्स इट विथ गम.' पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग दोनच शब्द आले: 'च्युइंग गम?'

चॅट सीनियरकडे गेलं आणि माझ्या नावावर चूक लागली. वस्तू मला माहीत होती, उपायही बरोबर होता, पण एका शब्दानं सगळं अडलं. त्या संध्याकाळी मी एक वही घातली. नोकरी, शिक्षण किंवा परदेशातलं घर, यांपैकी कशासाठीही ज्यांना ही रोजची इंग्रजी लागणार आहे, त्यांच्यासाठी त्या वहीतलं उपयोगाचं तेवढं इथे क्रमानं देते आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक दोनशेपानी वही. मोबाइलमधल्या नोट्स नकोत, पानं उलटून शोधता आली पाहिजेत.
- घरातल्या सगळ्या ट्यूबा, बाटल्या, टेपा. स्वयंपाकघराचा खण, देव्हाऱ्याखालचा कप्पा आणि गाडीची डिकी धुंडाळलीत तर आठ-दहा वस्तू सहज निघतात.
- इंग्रजीतून इंग्रजी अर्थ देणारा आणि उच्चार ऐकवणारा शब्दकोश. मोबाइलवर फुकट मिळतो.
- चित्रं शोधायची सवय. या विषयात अर्थ वाचण्यापेक्षा चित्र बघणं जास्त कामाला येतं.

१. आधी मराठी शब्द लिहून काढा

बहुतेक जण थेट इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला घेतात. मीही तेच केलं आणि पंधरा दिवस वाया घालवले. 'ग्लू म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ, ॲडहेसिव्ह म्हणजे चिकटवण्याचा पदार्थ' असं पाठ करून हाताशी काही लागत नाही. उलट आपल्याकडे या बाबतीत इतके नेमके शब्द आहेत की त्यांचीच शिडी करता येते.

वहीत ओळीनं लिहा: डिंक (नागपुरात आपण सर्रास गोंदही म्हणतो), खळ, सरस, लाख, राळ, चीक, लांबी, डांबर, पाक, काकवी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा. तो कशापासून होतो? कशाला काय जोडतो, की नुसती फट भरतो? आणि नंतर सुटतो का? ही तीन उत्तरं नीट आली की इंग्रजी शब्द जवळजवळ आपोआप सापडतो.

सरसाचं उदाहरण घेऊ. मामांच्या दुकानात सरसाच्या तांबूस, काचेसारख्या वड्या असायच्या. जुने सुतार त्या रात्री पाण्यात भिजत घालत. सकाळी तो डबा पाण्याच्या भांड्यात ठेवून गरम करत, थेट आचेवर कधीच नाही, कारण जळला की त्याची पकड जाते. जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून होणारा, लाकूड जोडणारा आणि गरम ओलाव्यानं पुन्हा सुटणारा हा पदार्थ. इंग्रजीत त्याला 'ॲनिमल ग्लू' किंवा 'हाइड ग्लू' म्हणतात. हाइड म्हणजे कातडं. तीन प्रश्नांची उत्तरं वहीत होती म्हणून हा शब्द मला एकदा वाचल्यावर कायमचा लक्षात राहिला.

२. ग्लू, गम आणि पेस्ट: हे तीन पक्के करा

निम्मे घोळ या तीन शब्दांत होतात, म्हणून इथे घाई करू नका.

'ग्लू' हा सगळ्यांत मोकळा शब्द. लाकूड, कागद, प्लॅस्टिक, चप्पल, काहीही जोडणाऱ्या पदार्थाला चालतो. काय म्हणावं सुचत नसेल तर ग्लू म्हणा, कुठल्याही देशात कळेल. त्याचं क्रियापदही होतं: 'ग्लू इट टुगेदर'.

'गम' म्हणजे मुळात झाडातून पाझरणारा, पाण्यात विरघळणारा किंवा फुगणारा डिंक. बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक इंग्रजीत 'गम अरेबिक' म्हणून ओळखला जातो. बाळंतिणीच्या लाडवांत आपण तुपात फुलवून घालतो तो 'एडिबल गम'. भारतात शाळेपासून आपण कागद चिकटवायच्या बाटलीला गम म्हणत आलो आणि भारतीय इंग्रजीत ते चुकीचं नाही. पण अमेरिकेत नुसतं गम म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चघळायचा गम येतो. आणखी दोन अर्थ ध्यानात असू द्या. अनेकवचनी 'गम्स' म्हणजे हिरड्या. दातांच्या डॉक्टरांनी 'युवर गम्स' म्हटलं तर ते तुमच्या हिरड्यांबद्दल बोलत असतात. आणि ऑस्ट्रेलियात 'गम ट्री' म्हणजे आपला निलगिरी.

'पेस्ट' म्हणजे दाट, मऊ, पसरवता येणारा लगदा. तो चिकटलाच पाहिजे असं नाही. टूथपेस्ट, आलं-लसणाची पेस्ट, टोमॅटो पेस्ट सगळे त्यातलेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबत-बडग्यांसाठी पोरं कागद चिकटवायला मैद्याची खळ करतात, ती 'फ्लावर पेस्ट'. इथलं फ्लावर पिठाचं आहे, फुलाचं नाही. उच्चार एकच, स्पेलिंग वेगळं, तेव्हा लिहिताना जपा. भिंतीचा कागद लावायची खळ म्हणजे 'वॉलपेपर पेस्ट'. संगणकावरचं कॉपी-पेस्टही इथूनच आलं. पूर्वी संपादक मजकुराचे तुकडे कात्रीनं कापून दुसऱ्या पानावर खरोखर खळीनं चिकटवत.

चौथा शब्द 'ॲडहेसिव्ह'. हा कागदपत्रांतला शब्द आहे, लेबलवर, बिलावर, औषधाच्या खोक्यावर दिसतो. 'टाइल ॲडहेसिव्ह' म्हणतात, पण घरात कुणी 'मुलाचं खेळणं मोडलं, जरा ॲडहेसिव्ह दे' असं म्हणत नाही. वाचताना ओळखा, बोलताना ग्लू म्हणा.

३. ब्रँडचं नाव विसरा

ही सगळ्यांत मोठी खोच आहे. फेविकॉल 1959 पासून आपल्या घरात आहे, इतका की तो आपल्याला मराठी शब्दच वाटतो. भारताबाहेर मात्र बहुतेकांना तो कळत नाही. असं बदलून घ्या:

- फेविकॉल: अमेरिकेत 'व्हाइट ग्लू', ब्रिटनमध्ये 'पीव्हीए ग्लू', सुतारकामासाठी दोन्हीकडे 'वुड ग्लू'
- फेविक्विक: 'सुपर ग्लू'
- फेविस्टिक: 'ग्लू स्टिक'
- एम-सील: 'इपॉक्सी पुटी'
- दोन ट्यूबा मिसळून लावायचं ॲराल्डाइट: 'टू-पार्ट इपॉक्सी'

पंक्चरवाल्याकडचं 'सोल्यूशन' हा ब्रँड नाही, पण खड्डा तोच. इंग्रजीत नुसतं सोल्यूशन म्हणजे उत्तर किंवा द्रावण. ब्रिटनमध्ये 'रबर सोल्यूशन' म्हणा, अमेरिकेत 'रबर सिमेंट'. आणि हो, इंग्रजीत सिमेंट फक्त पोत्यातलं नसतं. घट्ट पकडणाऱ्या बऱ्याच पदार्थांना सिमेंट म्हणतात. दातावरची कॅप 'डेंटल सिमेंट'नंच बसवतात.

हीच सवय त्यांनाही आहे, त्यामुळे उलट बाजूनंही फसायला होतं. ब्रिटिश माणूस 'सेलोटेप' म्हणतो आणि अमेरिकन 'स्कॉच टेप', दोन्ही मुळात ब्रँडच. ब्रिटनमध्ये पोस्टर भिंतीला लावायच्या निळ्या मऊ गोळीला 'ब्लू टॅक' म्हणतात. अमेरिकन दुकानात ती 'पोस्टर पुटी' किंवा 'माउंटिंग पुटी' म्हणून मागावी लागते.

४. जोडायचं आहे की फट भरायची आहे?

आपण दोन्हीला 'लावून टाक' म्हणतो. इंग्रजीत शब्द वेगळे आहेत आणि चुकीचा शब्द वापरला तर दुकानदार चुकीची वस्तू देतो.

जोडणारं ते ग्लू. फट बुजवणारं ते 'सीलंट'. बेसिन आणि भिंत यांच्यामध्ये पाणी जाऊ नये म्हणून गनमधून जी पांढरी रेघ ओढतात ती 'सिलिकॉन सीलंट'. अमेरिकेत त्यालाच 'कॉक' म्हणतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये एल आहे, पण तो सहसा बोलत नाहीत आणि ऐकणाऱ्याला तो भलताच शब्द वाटू शकतो. माझा सल्ला, लिहिताना हवं तर वापरा, बोलताना सीलंट म्हणा. टाइल्सच्या मधल्या रेघांत भरतात ते 'ग्राउट'. खिडकीच्या काचेला, लाकडाच्या खड्ड्याला सुतार आणि रंगारी लावतात ती लांबी म्हणजे 'पुटी'.

५. टेपा आणि पट्ट्या

पारदर्शक टेपला 'क्लिअर टेप' किंवा ऑस्ट्रेलियात 'स्टिकी टेप' म्हणा, निभावतं. रंगकामात कडेला लावतात ती 'मास्किंग टेप'. ती आणि पुढे पारदर्शक टेप, दोन्ही अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत रिचर्ड ड्रू यांनी केल्या, अनुक्रमे 1925 आणि 1930 मध्ये. वायरला गुंडाळायची काळी टेप ब्रिटनमध्ये 'इन्सुलेटिंग टेप', अमेरिकेत 'इलेक्ट्रिकल टेप'. खोक्याला किंवा फाटक्या पाइपला लावतात ती जाड चंदेरी 'डक्ट टेप'.

जखमेवरच्या पट्टीकडे नीट लक्ष द्या. आपण म्हणतो बँडेड, तेच अमेरिकेत. ब्रिटनमध्ये त्याला 'प्लास्टर' म्हणतात. माझी मैत्रीण लंडनला शिकायला गेली. तिच्या रूममेटनं बोट कापल्यावर घाईघाईनं प्लास्टर मागितलं, तेव्हा हिला वाटलं हाडच मोडलं.

६. झाडांचं आणि जमिनीतलं

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण विदर्भातल्या माणसाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं.

आपला 'चीक' हा एक शब्द इंग्रजीत तीन ठिकाणी फुटतो. रुईचं पान तोडल्यावर किंवा उंबराला कोचल्यावर निघतो तो पांढरा चीक म्हणजे 'लेटेक्स'. उन्हाळ्यात कुरडयांसाठी आजी गहू तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग वाटून, पिळून, गाळून तळाशी बसलेला पांढरा थर काढायची. तो गव्हाचा चीक म्हणजे 'व्हीट स्टार्च'. आणि व्यायलेल्या गाई-म्हशीचं पहिलं घट्ट दूध, ज्याचा खरवस होतो, ते 'कोलोस्ट्रम'. तिन्हीला लेटेक्स म्हणून चालणार नाही. मी एकदा खरवसाचं वर्णन करताना तेच केलं होतं आणि समोरच्यानं खाण्याचा विषयच सोडून दिला.

झाडाच्या आत वाहणारा पातळ रस म्हणजे 'सॅप'. डिंक म्हणजे गम, हे वर आलंच. राळ म्हणजे 'रेझिन'. डिंक आणि राळ यांतला फरक घरीच बघता येतो. दोन वाट्यांत पाणी घ्या, एकीत डिंकाचा खडा टाका, दुसरीत राळेचा. सकाळपर्यंत डिंक फुगून मऊ होतो, राळ तशीच कडक राहते. निखाऱ्यावर टाकली की राळेचा सुगंधी धूर होतो. देवापुढचा लोबानही रेझिनच. व्हायोलिनच्या गजाला घासतात ते मात्र 'रॉझिन', स्पेलिंगमध्ये ओ.

लाखेचा शब्द तर इंग्रजीनं आपल्याकडूनच नेला. संस्कृत लाक्षा, त्यावरून लाख, त्यावरून इंग्रजी 'लॅक'. फर्निचरच्या पॉलिशमधलं 'शेलॅक' त्याच घरचं. पार्सलवर ठोकायची लाख मात्र इंग्रजीत 'सीलिंग वॅक्स' होते.

डांबराचे शब्द देशागणिक बदलतात. दगडी कोळशापासूनचं ते 'कोल टार', खनिज तेलापासूनचं, आपल्या रस्त्यांवर पडतं ते 'बिट्युमेन'. डांबरी रस्त्याला ब्रिटनमध्ये 'टारमॅक' म्हणतात, अमेरिकेत 'ॲस्फाल्ट'.

७. 'चिकट' या एका शब्दाचे दहा शब्द

वस्तूंची नावं जमली तरी विशेषणात गाडी अडते. आपण ओटा चिकट, भेंडी चिकट, हवा चिकट, माणूस चिकट म्हणतो. प्रत्येकाला 'स्टिकी' लावू नका.

पाक किंवा मध सांडलेला ओटा: 'स्टिकी', बरोबर. एक्झॉस्ट फॅनवरचा तेलाचा थर: 'ग्रीसी'. तोच वर्षभर साचून काळा झाला की 'गंक'. भेंडीची तार, शेवाळलेली मोरी: 'स्लायमी', आणि या शब्दात किळस असते, म्हणून पाहुण्यांना भेंडी वाढताना वापरू नका. आतून ओला, ओघळणारा चॉकलेट केक: 'गूई', ही स्तुती आहे. अर्धवट वाळलेला, बोट लावलं तर ओढणारा रंग: 'टॅकी'. पण कपड्यांना किंवा सजावटीला टॅकी म्हटलं तर ती भडक आणि हलक्या आवडीची म्हटल्यासारखं होतं. एका सहकाऱ्याच्या नव्या साडीला मी चांगल्या भावनेनं हा शब्द वापरला, तिला लागलं, आणि मला दोनदा माफी मागावी लागली.

थंड घामानं ओलसर झालेले हात: 'क्लॅमी'. नागपूरचा मे कोरडा भाजतो, त्याला स्टिकी म्हणू नका. पाऊस उघडल्यावर अंगाची चिकचिक होते तेव्हाची हवा 'स्टिकी' किंवा 'मगी'. गिचका झालेला भात: 'मशी'. 'स्टिकी राइस' ही भाताची वेगळी जात आहे. तिला 'ग्लूटिनस राइस'ही म्हणतात, पण त्यात गव्हासारखं ग्लूटेन नसतं. गव्हाचं पथ्य असलेल्या पाहुण्याला हे नक्की सांगा. डॉक्टरांकडे 'चिकट पडतं' सांगायचं असेल तर 'म्यूकस' म्हणा. त्यांना लगेच कळतं आणि पुढचे प्रश्न नेमके येतात.

पैसा न सोडणारा चिकट माणूस 'स्टिंजी'. पाठ न सोडणारा 'पर्सिस्टंट', सतत बिलगून राहणारा 'क्लिंगी'. 'स्टिकी फिंगर्स' असलेला मात्र चोरटा. हा शब्दप्रयोग कुणाच्याही मुलाच्या जिलबी खाल्लेल्या हातांबद्दल वापरताना जपून.

आपली चिक्की चिकटत असली तरी तिचं इंग्रजी नाव तुटण्यावरून आहे: 'पीनट ब्रिटल'. काकवीला अगदी जुळणारा शब्द नाही, 'लिक्विड जॅगरी' म्हणा. अमेरिकेतलं मोलॅसिस आणि ब्रिटनमधलं ट्रीकल तिच्या जवळची, पण चवीनं वेगळी.

८. क्रियापदं

'स्टिक'चा भूतकाळ 'स्टक'. 'स्टिक्ड' लिहिलेलं मी अर्जांत पाहिलं आहे, ते टाळा. 'द लेबल वोन्ट स्टिक' म्हणजे लेबल चिकटत नाही. 'द ड्रॉवर इज स्टक' म्हणजे खण अडकला, त्यात गोंदाचा संबंध नाही. लिफ्टमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी स्टकच.

वाळण्याचे तीन शब्द आहेत. पांढरा ग्लू 'ड्राइज', म्हणजे पाणी उडून वाळतो. ग्राउट 'सेट्स', म्हणजे बसतं, घट्ट होतं. इपॉक्सी 'क्युअर्स', म्हणजे रासायनिक क्रियेनं कडक होते. सुपर ग्लूही क्युअरच होतो, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं. निघण्याचे शब्द: सालीसारखं सोलून 'पील ऑफ', खरवडून 'स्क्रेप ऑफ', आपोआप सुटलं तर 'केम ऑफ'.

कायमचं चिकटणारं 'पर्मनंट', काढता येणारं 'रिमूव्हेबल', काढून पुन्हा लावता येणारं 'रिपोझिशनेबल'. शेवटचा शब्द जड वाटतो, पण टेबलावरचे पिवळे चिकट कागद तेच आहेत. 1968 मध्ये स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हाती जेमतेम धरणारा एक पदार्थ लागला. त्याचं करायचं काय हे बरीच वर्षं कुणाला कळेना, आणि 1980 मध्ये त्याचेच पोस्ट-इट म्हणून कागद बाजारात आले. सुपर ग्लूचंही असंच. हॅरी कूव्हर यांना तो 1942 मध्ये सापडला, सगळ्याला चिकटतो म्हणून बाजूला पडला आणि 1958 मध्ये विकायला आला.

९. ट्यूबवरचं बारीक वाचा

ही चार वाक्यं बहुतेक ट्यूबांवर असतात: 'सरफेस मस्ट बी क्लीन अँड ड्राय', 'अप्लाय अ थिन कोट', 'क्लॅम्प अंटिल ड्राय', 'यूज इन अ वेल-व्हेंटिलेटेड एरिया'. म्हणजे जागा स्वच्छ कोरडी करा, पातळ थर द्या, वाळेपर्यंत दाबून धरा, खिडक्या उघड्या ठेवा. सुपर ग्लूवर 'बॉन्ड्स स्किन इन सेकंड्स' असतं, म्हणजे कातडी क्षणात चिकटते. बोटं चिकटलीच तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात धरा आणि हळूहळू गोल फिरवत सोडवा. डोळ्यात गेलं तर पाण्यानं धूत लगेच डॉक्टरांकडे.

१०. सराव

एका शनिवारी बाजारात, नागपुरात असाल तर बर्डीवर किंवा इतवारीत, एका हार्डवेअरच्या आणि एका स्टेशनरीच्या दुकानात जा. गर्दी नसते अशा दुपारच्या वेळी जा, दुकानदार वस्तू हातात देतात. प्रत्येक चिकट वस्तूचा फोटो काढा, दुकानदार तिला काय म्हणतात ते विचारून लिहा. सुतार, रंगारी, प्लंबर तिघांचे शब्द वेगळे निघतील, तेही घ्या. घरी येऊन प्रत्येक फोटोखाली एक इंग्रजी वाक्य लिहा, नुसता शब्द नको: 'आय नीड वुड ग्लू फॉर अ चेअर लेग', 'द सीलंट अराउंड द सिंक हॅज कम ऑफ'. मग ब्रँडचं नाव झाका आणि तीच वस्तू कधीही न पाहिलेल्या माणसाला सांगितल्यासारखी मोठ्यानं सांगा. जिथं अडाल तिथं पहिल्या पायरीवरचे तीन प्रश्न पुन्हा विचारा. माझ्या वहीत असे त्रेचाळीस फोटो झाले आहेत, आणि मामा अजूनही नवीन माल आला की एखादी ट्यूब बाजूला काढून ठेवतात.